स्क्रू सगळ्यात शेवटी: धारणीचा पंप, मालवणची जेट स्की आणि टू-स्ट्रोकचं कार्बोरेटर

आजचा भाग जरा हाताला ग्रीस लावणारा आहे. ऐकता ऐकता मशीन उघडायची घाई करू नका. आधी पूर्ण ऐका, मग पाना उचला. का ते पुढं कळेलच.

झालं असं, की मागच्या भागानंतर मालवणहून एका मित्राची व्हॉइस नोट आली. त्याच्याकडं जुनी टू-स्ट्रोक जेट स्की आहे. त्याचं म्हणणं, "दादा, आयडलला मस्त चालते, पण थ्रॉटल दिला की घुसमटते आणि बसते. कार्बोरेटरचे स्क्रू किती फिरवू?" मला आधी हसूच आलं. मी बसलोय धारणीत, मेळघाटात. महाराष्ट्राच्या या टोकाला समुद्र फक्त मोबाईलवर दिसतो. आमच्याकडं पाणी म्हणजे तापी आणि सिपना. तिथं कोण जेट स्की चालवतंय?

पण नोट दुसऱ्यांदा ऐकली आणि हसू थांबलं. कारण हाच आजार, अगदी याच शब्दांत, मी आमच्या मामांच्या फवारणी पंपात पाहिला होता. आणि मी तेव्हा नेमकं तेच केलं होतं जे हा मित्र करायला निघालाय. म्हणून आज आधी पंपाची गोष्ट, मग जेट स्कीची.

पावसाळ्याचे दिवस होते. मामांच्या शेतात सोयाबीन गुडघ्याएवढं झालेलं आणि त्यावर उंटअळी दिसायला लागलेली. शेतकऱ्याच्या घरातल्यांना माहीत आहे, अशा वेळी दिवस मोजून असतात. पाऊस चालू असताना फवारता येत नाही, फवारल्यावर लगेच पाऊस आला तर औषध धुऊन जातं. मधे एखाद्या दिवसाची उघडीप मिळते, तेवढ्यात काम उरकायचं. तशी उघडीप त्या दिवशी मिळाली, आणि पाठीवरचा पेट्रोलचा पंप नाटकं करायला लागला. सुरू व्हायचा, हळू चालायचा, आणि थ्रॉटल ओढला की भुस्स!

मी तेव्हा नुकताच मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून शहाणा झालो होतो. मामा म्हणाले, "जमन काय रे तुले?" मी म्हटलं, हो. कार्बोरेटरवर दोन छोटे स्क्रू होते, एक एल आणि एक एच. एल म्हणजे कमी वेगाचं पेट्रोल, एच म्हणजे पूर्ण थ्रॉटलचं पेट्रोल. दोन्ही थोडे थोडे इकडं तिकडं फिरवत गेलो. एल थोडा उघडला तसं घुसमटणं कमी झालं. एच आत घेत गेलो तसा आवाज मोकळा झाला, बारीक झाला, चढत गेला. धूर जवळजवळ बंद. इतका सुरेख आवाज मी त्या पंपाचा कधी ऐकला नव्हता. मामा खूश. "वा रे पोट्ट्या, एक नंबर!"

अर्ध्या तासानं शेताच्या मधोमध आवाज आणखी चढला, आणि पंप एकदम बंद पडला. दोरी ओढली तर दोरी हलेना. इंजिन जाम.

मामांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. फवारणीला आलेल्या दोन माणसांची मजुरी दिली आणि त्यांना घरी पाठवलं. ते न बोलणं मला जास्त लागलं. पंप डिक्कीत टाकून धारणीत मिस्त्रीकाकांकडं गेलो. त्यांनी सिलेंडर काढला. पिस्टनवर, सायलेन्सरच्या बाजूला, उभ्या ओरखड्यांचे पट्टे. स्पार्क प्लग पांढराफटक. काका माझ्याकडं न बघता म्हणाले, "स्क्रू कोनं फिरवले बे?"

"म्या."

"आवाज गोड झाला असन?"

"हो."

"तेच तं. टू-स्ट्रोकचा आवाज लय गोड झाला का मले भेव वाटते. इंजिन उपाशी पळून राहिलं होतं, अन् तुले वाटलं, पाह्य कसं पळून राहिलं!"

मंडळी, आजच्या भागात एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, म्हणजे ज्याला आपण मिक्स्चर लीन झालं म्हणतो, की इंजिन काही काळ जास्त जोरात, जास्त स्वच्छ पळतं. आणि मग मरतं.

आता असं का? फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खाली वेगळं असतं, ते पिस्टनला आपलं आपलं मिळत राहतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल येतंच मुळी पेट्रोलच्या सोबत. पेट्रोल कमी केलं की ऑइलही कमी झालं. शिवाय आत येणारं ओलं पेट्रोल क्रँक आणि पिस्टनला गारही करतं. तेही कमी झालं. आणि लीन मिक्स्चरमध्ये आतली उष्णता वाढते. म्हणजे गरमी वाढली, थंडावा घटला, वंगण घटलं, सगळं एकाच वेळी. पिस्टन फुगतो, सिलेंडरला घासतो आणि चिकटतो.

पण खरी चूक त्याच्याही आधीची होती. काकांनी कार्बोरेटर धरून हलवलं तर ते चक्क हललं. इंजिनाला जोडणारे नट ढिले, मधलं गॅस्केट एका बाजूनं फाटलेलं. तिथून फुकटची हवा आत जात होती. म्हणून पंप घुसमटत होता. स्क्रूचा काही दोषच नव्हता. ढिला नट आवळून नवीन गॅस्केट टाकलं असतं, तर पंधरा मिनिटांत काम झालं असतं आणि उघडीपही वाया गेली नसती.

आता तुम्ही विचाराल, पाठीवरचा पंप आणि जेट स्की यांचा संबंध काय? संबंध कार्बोरेटरच्या जातीचा आहे.

आपल्या बाइकच्या, म्हणजे आरएक्स-१०० सारख्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये खाली एक वाटी असते आणि त्यात तरंगणारा फ्लोट असतो. घरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो आणि सुई बंद करतो. हे सरळ उभ्या गाडीत छान चालतं. पण पंप माणसाच्या पाठीवर वाकतो, चेनसॉ आडवी-तिरपी होते, आणि जेट स्की तर लाटांवर उड्या मारते. तिथं वाटीतलं पेट्रोल स्थिर राहणार कसं? म्हणून अशा मशिनींमध्ये फ्लोटच्या जागी पातळ पडदे असतात, डायफ्रॅम. एक पडदा इंजिनच्या क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर हलतो आणि टाकीतून पेट्रोल खेचतो. दुसरा पडदा इंजिनच्या ओढीनं आत जातो, एका छोट्या दांडीला ढकलतो, दांडी सुई उघडते आणि लागेल तेवढंच पेट्रोल आत येतं. धारणीच्या पंपात आणि मालवणच्या जुन्या जेट स्कीत तत्त्व हेच. आकार वेगळा, पडदे मोठे, पण दुखणी तीच.

म्हणून आता तपासायचा क्रम सांगतो. हा मिस्त्रीकाकांचा क्रम आहे, आणि यात स्क्रू सगळ्यात शेवटी येतो. पंपवाल्यांनी त्याच्याही आधी एक करायचं: मशीन साबणाच्या पाण्यानं धुवायचं आणि हातमोजे घालायचे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, हे आपण विसरायला नको. औषधानं माखलेलं मशीन उघड्या हातांनी खोलायचं नाही.

पहिलं, पेट्रोल. मागच्या हंगामातलं टाकीत उरलेलं पेट्रोल असेल तर काढून टाका. नवीन घ्या, त्यात ऑइल मोजून टाका. मशीनवर ४०:१ लिहिलं असेल तर एका लिटरला २५ मिली. ५०:१ असेल तर २० मिली. २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजानं झाकणभर ओतायचं नाही. "जरा जास्तच टाकू, इंजिन सुरक्षित राहील" असं वाटतं, पण ऑइल वाढलं की त्याच मिश्रणात पेट्रोल तेवढं कमी होतं. म्हणजे हवेच्या मानानं आपण थोडं लीनच झालो, वर प्लग काळा होतो तो वेगळाच. पुस्तकात लिहिलंय तेवढंच. आणि पंप फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचंच नाही, हेही बघून घ्या. बाजारात दोन्ही मिळतात आणि दिसायला सारखेच असतात.

दुसरं, टाकीचं झाकण. झाकणात हवा आत जायला बारीक वाट असते. ती बुजली की मशीन पाच-दहा मिनिटं चालतं आणि मरतं. झाकण ढिलं केल्यावर परत चाललं, तर रोग सापडला.

तिसरं, टाकीतली नळी आणि तिच्या टोकाचा जड फिल्टर. नळी कडक झाली का, तडा गेलाय का बघा. तडा गेलेली नळी पेट्रोलऐवजी हवा ओढते.

चौथं, एअर फिल्टर. तो बुजला की उलटा आजार होतो, पेट्रोल जास्त आणि हवा कमी. धूर, जडपणा, काळा ओला प्लग. फिल्टर धुऊन, वाळवून लावा. फिल्टर काढून ठेवून ट्यूनिंग कधीच करायचं नाही, कारण तो परत लावला की सगळं बदलतं. जेट स्कीवाल्या मित्रा, तुझ्याकडं त्या जागी आग अडवणारी जाळी असते. ती काढून इंजिन चालवणं धोक्याचं आहे, आतल्या पेट्रोलच्या वाफेला ठिणगी लागू शकते. सीट उघडून आतली वाफ जाऊ दे, मगच स्टार्टर दाब.

पाचवं, प्लग आणि सायलेन्सर. प्लगचा रंग वाचायला शिका. दुधाच्या चहासारखा तपकिरी म्हणजे बरं. पांढरा म्हणजे लीन, थांबा. काळा-ओला म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. सायलेन्सरच्या तोंडाची जाळी कार्बननं बुजली असेल तरी थ्रॉटल घेत नाही.

सहावं, आणि माझं नशीब जिथं फुटलं ते, हवेची गळती. कार्बोरेटरचे नट, गॅस्केट, क्रँकचे सील. खूण अशी: थ्रॉटल सोडल्यावर इंजिनचा वेग लगेच खाली येत नाही, वरच लटकतो, किंवा आयडल आपोआप वर-खाली होत राहतो. आयडलवर चालू असताना जोडाच्या कडेला साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब टाका. आवाज बदलला तर तिथून हवा जातेय. पेट्रोल किंवा पेट घेणारा स्प्रे गरम इंजिनावर मारून ही परीक्षा करू नका.

सातवं, कार्बोरेटर उघडणं. पेट्रोल आत येतं तिथं नखाएवढी जाळी असते, ती साफ करा. पडदे काढून बोटांवर घ्या. नवा पडदा मऊ असतो, हलकेच दाबला तरी हलतो. जुना कडक, सुरकुतलेला होतो, दाबला की करकरतो. असा पडदा साफ करून उपयोग नाही, नवीन किट टाका. ते इथं मिळालं नाही तर परतवाड्याहून मागवावं लागतं, म्हणून हंगामाच्या आधीच एक घरात असू द्या. काढताना प्रत्येक थराचा मोबाईलवर फोटो घ्या. पडदा आणि गॅस्केट यांचा क्रम चुकला तर मशीन चालत नाही, आणि आपण परत स्क्रूला दोष देतो.

इथं ई-२० बद्दल बोलायलाच हवं, कारण तुमचे खूप प्रश्न येतात. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला, पडद्याला त्रास देतं. दुसरं म्हणजे त्याला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला एका किलोमागं साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९, आणि ई-२० ला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बरोबर बसवलेला स्क्रू ई-२० वर थोडा लीन पडतो. घाबरायचं कारण नाही, पण जुनं मशीन असेल तर एकदा तपासणी हवीच. आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मगच कोपऱ्यात ठेवा.

हे सातही झालं? आता स्क्रू.

आधी ते आहेत तिथपासून किती फेऱ्यांवर बसतात ते मोजून लिहून ठेवा. मग हलक्या हातानं आत टेकवा. दाबायचं नाही, टोक खराब होतं. मशीनच्या पुस्तकात दिलेल्या फेऱ्या बाहेर काढा. बऱ्याच छोट्या मशिनींना सुरुवात एक ते दीड फेरीच्या आसपास असते. पंपात औषध नाही, साधं पाणी भरा, म्हणजे इंजिनावर खरा भार येईल. तीन-चार मिनिटं गरम होऊ द्या.

मग एल. आयडल सगळ्यात वर जाईल ती जागा शोधा आणि तिथून थोडासा, पाव फेरीच्या आत, बाहेर काढा. मग आयडलचा स्क्रू बसवा. थ्रॉटल झटकन द्या. घुसमटलं तर एल आणखी किंचित बाहेर.

मग एच. पूर्ण थ्रॉटल, फक्त काही सेकंद. एच बाहेर काढत जा, आवाज जरा फाटका, बडबडा होईल. मग हळूच आत, भार असताना आवाज साफ होईपर्यंत. बस, तिथं थांबायचं. भार काढल्यावर परत थोडा बडबडला पाहिजे. थोडा धूर राहिला पाहिजे. तो बडबडा आवाज म्हणजे इंजिनला जेवण मिळतंय. माझी चूक इथंच झाली होती, मी बडबड पूर्ण बंद केली.

आरएक्सवाल्यांनो, एक सावधगिरी. तुमच्या कार्बोरेटरच्या बाजूचा छोटा स्क्रू हवेचा आहे, पेट्रोलचा नाही. त्यामुळं तो आत घेतला की हवा कमी होते आणि मिक्स्चर जाड होतं. पंपाच्या स्क्रूच्या बरोबर उलट. आणि चिखलदऱ्याला गाडी जड वाटते म्हणून तिथं सेटिंग करत बसू नका. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण १० टक्के विरळ, म्हणून तेच पेट्रोल जास्त पडतं. वर साफ करून घेतलेली गाडी सेमाडोहमार्गे खाली आणली की दाट हवेत लीन होते.

आणि म्हणूनच, मालवणच्या मित्रा, माझ्या पंपाचे आकडे तू तसेच घेऊ नको. तुझ्याकडं समुद्रसपाटीची, सगळ्यात दाट हवा. तुझ्या मॉडेलच्या पुस्तकातले आकडे घे. जेट स्की जमिनीवर ठेवून एच बसवता येत नाही, कारण पाण्याशिवाय पंपावर भार नाही, आणि इंजिन गार करणारं पाणीही बाहेरूनच येतं. पाइप जोडून सुरू करणार असशील तर आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं केलंस तर सायलेन्सरमार्गे पाणी सिलेंडरमध्ये शिरू शकतं. एचची खरी परीक्षा मोकळ्या पाण्यातच, छोट्या छोट्या फेऱ्या मारून, प्रत्येक फेरीनंतर प्लग बघून. आणि दोन कार्बोरेटर असतील तर दोन्हींचे थ्रॉटल एकाच वेळी उघडतात का ते आधी बघ. एक सिलेंडर उपाशी राहिला तरी दुसरा मशीन ओढत राहतो, आणि तुला वाटतं सगळं ठीक आहे.

तुझा आजार, आयडल ठीक आणि थ्रॉटलला बसते, हा माझ्या अंदाजानं कडक पडदा, बुजलेली जाळी किंवा हवा ओढणारी नळी यांपैकी एक आहे. अंदाज आहे, निदान नाही. म्हणून आजच स्क्रूला हात लावू नको. पहिली सात कामं कर, आणि मला पुन्हा व्हॉइस नोट पाठव. त्यात तीन गोष्टी सांग: प्लगचा रंग, पडदा मऊ की कडक, आणि थ्रॉटल सोडल्यावर वेग किती लवकर खाली येतो.

मामांच्या पंपाला नवा पिस्टन आणि सिलेंडर लागला. पैसे मी दिले, एकदम नाही, त्यांच्याच शेतात दोन हंगाम फवारणी करून फेडले. उंटअळीनं त्या वर्षी थोडं खाल्लं, पण पीक हातचं गेलं नाही. आता दर पावसाळ्याच्या आधी मामा फोन करतात, "ये रे, पंप ऐकून जाय." मी जातो, सुरू करतो, पूर्ण थ्रॉटल देतो. थोडा बडबडतो, थोडा धूर सोडतो. शेजारचे म्हणतात, आवाज साफ नाही. मामा म्हणतात, "राहू दे तसाच."

चला मंडळी, आज इथंच थांबतो. तुमच्या मशीनचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, भार असतानाचा आणि नसतानाचा, दोन्ही. पुढच्या भागात त्यातले काही आपण मिळून ऐकू. तोवर काळजी घ्या. नमस्कार!